मोटार गार होईपर्यंत

प्रिय ठमे,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि या वेळी मला माझं म्हणणं पुरतं सांगायचंय. काल आम्ही एक जुनी होडी बघायला गेलो होतो, मोटारीसकट. कपाळावर हात मारून झाला असेल तर पुढे वाच.

तुझ्या बाबांना दिसत नाही हे मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. पण आपली होडी ‘दुरुस्तीला’ गेल्यापासून तो माणूस खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या होड्यांच्या मोटारींचे आवाज ओळखत राहायचा आणि तुझा फोन आला की विचारायचा, “झाली का गं होडी?” तू तिकडे तुझ्या घरी आमच्यासाठी खोली रंगवलीस, न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेस. इथे ते दिवसेंदिवस गप्प होत गेले. शेवटी मी म्हटलं, एक होडी विकायला आहे, हात तुमचे, डोळे माझे, येता का? आपली असताना दुसरी कशाला, हे त्यांनी विचारलंच नाही. चपला शोधू लागले.

होडीवाला गोडबोल्या. बाबांशी ते बहिरे असल्यासारखा ओरडून बोलत होता. मोटारीचं खालचं टोक पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलं होतं. तो मोटार सुरू करायची दोरी ओढणार तोच बाबांनी झाकणाखाली बोटं घातली आणि म्हणाले, ही तर तापलेली आहे. गार मोटार सुरू व्हायला छळत असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी ती फिरवून ठेवतात, हे मला काल कळलं. त्याने उन्हावर ढकलून बघितलं. मग पिंपातून काढून सावलीत घ्या, आम्हाला घाई नाही, असं म्हणून बाबा पालथ्या बादलीवर ठाण मांडून बसले. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मोटार गार होईपर्यंत मला कामाला जुंपलं. खालचा स्क्रू सैल करून आतलं तेल बोटावर घ्यायला लावलं. दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं. मग त्यांनी पाण्यात फिरणाऱ्या पंख्याबद्दल विचारलं. मला ती होडी इतकी हवी होती की क्षणभर जीभ अडखळली. तरी सांगितलं, एका पात्याची कड दुमडलीय. तेव्हा ते हसले, कितीतरी दिवसांनी. ती कड त्यांनी आधीच अंगठ्याने चाचपली होती. खोटं सांगणारे डोळे घेऊन पाण्यात जाता येत नाही, म्हणाले. म्हणजे परीक्षा माझी चालली होती.

गार झाल्यावर पुन्हा पिंपात उतरवलेल्या मोटारीने मग खरे रंग दाखवले. दोरी ओढून ओढून मी घामाघूम झाले, खांदा अजून बोंबलतोय. होडीवाला मध्ये पडायला लागला तर बाबांनी त्याला अडवलं. ओढू द्या, यापुढे तिलाच ओढायचीय. एकदाची ती खोकत सुरू झाली. बाजूच्या भोकातून मोटार गार ठेवणाऱ्या पाण्याची धार सुटली, तिच्याखाली तळहात धरून ते बराच वेळ ऐकत राहिले. पेट्रोलची वाट तुंबलीय, साफ केली की झालं, बाकी मोटार दमदार आहे, असा निकाल लागला. भाव पाडून होडी घेतली. चालवणार मी. माझ्या वयावरून तू बोलशीलच, बोल.

आता खरं काय ते. होडी विकून तू त्यांना दुरुस्तीचं सांगितलंस, तेही मायेनेच, म्हणून मीही मान डोलावली. काल परतताना ते म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दाराआडची वल्हीसुद्धा गेली होती. दुरुस्तीला होडी जाते, घरातली वल्ही कशाला जातील? पोरीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल, असंही म्हणाले. मी सांगतेय. तुला थोडं वाईट वाटायलाच हवं. दर फोनवर ते विचारायचे, ते तू खरं सांगावंस म्हणून. रविवारी तू आम्हाला कायमचं न्यायला येणार आहेस, पण आम्ही सामान बांधलेलं नाही आणि बांधणारही नाही. तू मात्र ये. धक्क्यावर उभी राहा, मी होडी घेऊन येईन. बाबा पुढे बसलेले असतील आणि तुझा आवाज ऐकला की पुन्हा तेच विचारतील. या वेळी नीट उत्तर दे.

तुझीच,
हट्टी आई