टोपलीच्या तळाशी अर्ज

अकोला, चैत्र वद्य पंचमी

नागपूरच्या एम.ए.साठी शिष्यवृत्ती मिळाली. सकाळी ती हातची गेली असेच वाटले होते.

बाबा संत्री पाठवताना मालाची चिठ्ठी नेहमी टोपलीच्या तळाशी ठेवतात. माझा अर्जही त्यांनी संत्र्यांखालीच ठेवला. पेढीवर टोपली पाहून शिष्यवृत्ती देणारे शेटजी म्हणाले, "संत्रे देऊन शिष्यवृत्ती भेटते, असं कोनं सांगतलं तुले?"

अर्ज खाली आहे, हे सांगायला मी एवढा वेळ का घेतला? सारी संत्री गादीवर काढली. अर्जावर रसाचा डाग. शेटजींनी संत्रे सोलत तो दोनदा वाचला आणि दोन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर केली.

बाबा बाहेर ओट्यावर होते. ऐकून म्हणाले, "बरं झालं. संत्रं गोड लागलं काय त्यायले?"

आत्ता लिहिताना आठवले, डागावर सही करून शेटजींनी दुसरे संत्रे उचलले होते. बाबा जागे आहेत. सांगून येतो.