धुराड्यामागचे चार फूट

४ ऑक्टोबर १९५४, सफोक
पोहोचले. घर पाहताच प्रवासाचा शीण गेला. लाल विटा, एक लांब एक आखूड अशी रचना, चुन्याचे सांधे सुबक. दक्षिणेच्या भिंतीला बारीक तडा आहे, एवढेच. मोजमापाचे हे माझे पहिले स्वतंत्र काम. कचेरीतल्या ऑड्रीने मिळवून दिले. विटांकडे बघायलाही मला तिनेच शिकवले. मालकीण मिसेस गुडरम म्हणाल्या, पोरी, किती काटकुळी गं तू, आधी खाऊन घे, भिंती काही पळून जात नाहीत.

५ ऑक्टोबर
बाहेरून लांबी बेचाळीस फूट. आतल्या खोल्या आणि भिंती मिळून अडतीस. दोनदा मोजले. चार फूट धुराड्यामागे असणार. मिसेस गुडरमनी माझे चिखलाचे बूट पुसायला नेले. परत आला फक्त उजवा. डावा कुत्र्याने पळवला म्हणे. कुत्रा अजून दिसलेला नाही.

७ ऑक्टोबर
तडा पाव इंच वाढला. ऑड्रीला फोन केला. म्हणाली, शेकोटीच्या डावीकडच्या विटा सैल आहेत, आत शिरून मोज, अंदाजाने रेघ मारलीस तर माझे नाव सांगू नकोस. हसलो दोघी. मग आठवले. हे घर तिने स्वतः कधी पाहिलेले नाही, असे तिनेच सांगितले होते.

८ ऑक्टोबर, दुपार
विटा काढून आत शिरले. कोपऱ्यात बूट. घराला बाधा होऊ नये म्हणून भिंतीत जुना बूट ठेवायची इकडे रीत आहे. नेहमी एकच सापडतो. इथे सहा. सगळे डावे, बायकांचे. पाचव्यात पायाची हाडे. सहावा माझा.
रुंदी चार फूट नाही. दीड.

पुन्हा मोजली. सव्वा. खांदे अडकले. फक्त मनगट हलते—

बाहेर ऑड्री. कधी आली? हाक मारली. ती बोलतेय, पण माझ्याशी नाही. मिसेस गुडरमना सांगतेय, आई, चुना जरा घट्ट कालव.
आई—

आता मला म्हणाली, तडा गेला की घर एक मागते. मी नाही तर दुसरी कोणीतरी. तुझे माप बरोबर बसले.

थापीचा आवाज. एक लांब, एक आखूड. सांधा सुबक. तिचाच हात—

उजेड एका विटेएवढा, नऊ इंच बाय अडीच.
आता साडेचार बाय