घरगाडीचं पुढचं चाक

बारामती,
२७ नोव्हेंबर १९९७

आदरणीय आबा,
सविनय जयभीम.

आम्ही सगळे बरे आहोत. करुणाची सहामाही झाली. गणितात ती बापावर गेली आहे, तेव्हा मार्कांचं विचारू नका. कारखाने सुरू झाल्यापासून रस्त्यावर उसाच्या गाड्यांशिवाय काही दिसत नाही. गुडघ्याला तेल लावता ना?

आज बाजाराला आई आली होती. तुमच्याबद्दल म्हणाली, "जेवत्यात, झोपत्यात, पण बोलत न्हाईत. लायसन बी पेटीत ठिवून दिलंय." मी म्हटलं, थंडीनं असेल. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भाजीची पिशवी उचलून आत गेले.

आपण दोघांनी मॅटॅडोरची बाकं काढून झोपायला फळ्या ठोकल्या, स्टोव्ह बसवला, तेव्हा लोक हसले होते. मग त्याच घरगाडीतून दीक्षाभूमीला जायला नंबर लागले. एसटीत ड्रायव्हर म्हणून हयात घालवलेले गंगारामराव, म्हणजे तुम्ही, शेजारी बसता, म्हणून लोक बाईच्या हाती जीव देत होते. हे मला कळत नव्हतं असं नाही.

नागपूरहून परतताना शेळगावपाशी पुढचं डावं टायर फुटलं. गाडी कालव्याच्या चारीतल्या पाण्याकडे ओढली गेली, समोरून उसाची बैलगाडी. तुम्ही ओरडलात, "ब्रेक मार प्रिया, ब्रेक!" आणि स्टिअरिंगला हात घातलात. मी तुम्हाला कोपरानं ढकललं. स्टिअरिंग घट्ट धरलं, ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेकला पाय लावलाच नाही. वेग आपोआप उतरला, मग हळूच कडेला घेतली. सगळं तुम्हीच शिकवलेलं. टायर फुटल्यावर ब्रेक म्हणजे पालथी गाडी, हे तुम्ही मला जेवतानासुद्धा ऐकवलंय.

खाली उतरल्यावर रंगूआत्या म्हणाली, "गंगारामाची लेक हाय! त्यानं शिकवलंय म्हून वाचलो." माझ्या जिभेला हाड नव्हतं. सगळ्यांसमोर बोलले, "ह्यांचं ऐकलं असतं तर आत्ता चारीत पालथे असतो!"

तुम्ही पिशवी घेतलीत आणि अंथुर्ण्याच्या घराकडे चालू लागलात. मी हाक मारली नाही.

बारामतीत मला हार घातले. पोरगी धीराची, गंगाराम आता थकला, असं लोक म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

आता टायरचं लिहिते. इतका वेळ तेच टाळत होते.

निघायच्या आधी तुम्ही म्हणाला होतात, "रिमोल्ड मागं घाल. पुढं कवाच घालू नगंस." मी म्हटलं, आबा, तुम्हाला सगळीकडे खड्डेच दिसतात. आणि जुन्यावर पट्टी चढवलेलं तेच टायर पुढं घातलं. नवं घ्यायचा कंटाळा, दुसरं काही नाही. शेळगावला फुटलं ते तेच.

तुम्ही त्या दिवशी एवढं एकच सांगितलं असतं, तर माझ्या गाडीत पुन्हा कुणी बसलं नसतं. म्हणून तुम्ही गप्प राहिलात. मी मात्र तुमची एका क्षणाची भीती चव्हाट्यावर मांडली. स्वतःची लेक स्टिअरिंगवर असताना बापाच्या तोंडून भलतंच निघणार, एवढं मला कळायला हवं होतं. आबा, मला फार लाज वाटते.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात उभी राहिले आणि टायरची गोष्ट सगळ्यांना सांगितली. दोन घरांनी पुढच्या महाडच्या फेरीला यायचं रद्द केलं. सिद्धूमामा म्हणाले, "आदी गंगारामला शेजारी बशिव, मग बगू." त्यांचं खरं आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. गाडी उद्या बंद पडली तरी मी हेच लिहिलं असतं.

येत्या रविवारी रंगूआत्याला आणि त्या दिवशीच्या सगळ्यांना गाडीत घालून अंथुर्ण्याला आणते. जे सगळ्यांसमोर बोलले, ते सगळ्यांसमोर मागे घ्यायचंय. हॉर्न वाजवणार नाही. दारात उभी राहीन. बोलला नाहीत तरी चालेल, मला रागवायला तरी बाहेर या.

तुमचं न ऐकलेली, तरी तुमचीच,
प्रियदर्शनी