अड्याळच्या सभेसाठी घेतलेलं नाणं

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

मोहाडीच्या सभेत भर भाषणात अडवलं! तेही भूपेंद्रने — माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने. मी सांगत होतो, सातवाहन राजांनी चांदीच्या नाण्यावर संस्कृत नाही, लोकांची प्राकृत कोरली. आपल्या बोलीला हसणाऱ्यांनी ती वाचावी. तर हा उठून म्हणतो, "सर, पुरावा मागा हे तुमीच शिकवलं. तं दाखवा ना नाणं!" लोक हसले. तीस वर्षं व्यासपीठावर उभा राहतोय. माझ्यावर कधी हसले नव्हते.

मंगळवार, ४

ऑनलाइन लिलावात सापडलं! मधे राजाचा चेहरा, भोवती ब्राह्मी अक्षरं — फोटोतही वाचता येतात. शहापूरच्या अंकुशला फोन केला, त्याचा नाण्यांचा संग्रह मोठा. म्हणाला, याचं ग्रेडिंग झालेलं नाही, म्हणजे तज्ज्ञाने तपासून सीलबंद केलेलं नाही. अशांत खोटी फार निघतात. "पोरीचं लग्न असतं तं पाच ठिकाणी चौकशी केली असती, सर. हे न पाहता कायले घेऊन राहिले?"

पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवून पाहिलं. अक्षर न् अक्षर जुळतं.

शनिवार, ८

जिंकलो! शेवटपर्यंत कुणीतरी बोली चढवत होता. मीही दाबत गेलो. बावन्न हजार. बायकोला, सुमनला, आकडा सांगितला. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

शुक्रवार, १४

आलं. अंगठ्याच्या नखाएवढं, काळवंडलेलं. अठराशे वर्षं! पुढची सभा अड्याळला; तिथल्या मंडळींना लगेच कळवलं — २३ तारखेला प्रत्यक्ष दाखवीन. संध्याकाळी त्यांनी फलकाचा फोटो पाठवला. माझ्या नावापेक्षा नाणं मोठ्या अक्षरात.

रविवार, १६

भूपेंद्रला स्वतः फोन करून बोलावलं. येतो म्हणाला.

सोमवार, १७

सुमनने नाणं धुतलं. टूथपेस्ट लावून, जुन्या ब्रशने — पैंजण घासते तसं! "इतकं कायंकुट्ट नाणं लोकायपुढं कसं धराल जी?" मी ओरडलो. बाईच्या सन्मानावर तास तास बोलणारा मी — शेजारच्या ताराबाई दारात येऊन उभ्या राहीपर्यंत ओरडत होतो. धुतलेलं नाणं विकणारा परत घेत नाही.

मग चष्मा लावून पाहिलं. राजाच्या नाकावर लाल ठिपका.

मंगळवार, १८

अंकुश येऊन गेला. भिंगातून बराच वेळ पाहत होता. वर चांदीचा मुलामा, आत तांबं, अलीकडचं ओतकाम. "काकूनं धुतलं नसतं तं मलेही समजलं नसतं, सर."

कुणाला सांगू नकोस म्हटलं. त्याने मान हलवली. माझ्याकडे न बघता.

शनिवार, २२

गोष्ट खरी आहे! अशी नाणी आहेत, संग्रहालयांत आहेत, त्यांवर प्राकृत आहे. खोटं आहे ते फक्त हे एक. एवढ्यासाठी सभा मोडू? नुसतं पुस्तकातलं चित्र दाखवलं तर भूपेंद्र पुन्हा हसेल — आणि त्याच्याबरोबर बोलीला हसणारे सगळे.

सुमनला हेच म्हटलं. ती म्हणाली, "खरं सांगाले तुमाले हे कायले लागते?" हे विचारते मला!

दुपारी तिच्या डबीतलं काजळ नाण्यावर चोळून पाहिलं. लाल दिसत नाही.

रविवार, २३

नाणं वर धरलं. सगळी सभा उभी राहिली. भूपेंद्र पुढे येऊन पाया पडला — "पटलं, सर." हातात घेऊन पाहू का, असं एकानेही विचारलं नाही.

सुमन पहिल्या रांगेत होती. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.