दुसऱ्या गाडीचा विमा

चाकण, मंगळवार, १९५६

संध्याकाळी दुसऱ्या गाडीसाठी विमा एजंट आला होता. मामंजींना म्हणाला, "पहिल्या गाडीवर कधीच भरपाई मागितली नाहीत, म्हणून हिलाही सूट मिळेल. भाग्यवान घर!"

भाग्यवान म्हणे! थोरल्या जाऊबाई लंगडत चहा घेऊन आल्या, ट्रेमधल्या कपबश्या खुळखुळत होत्या. गेल्या वर्षी मामंजींनीच, जाऊबाई शेजारी बसलेल्या असताना, गाडी झाडावर घातली. सूट जाऊ नये म्हणून बोभाटा होऊ दिला नाही. गाडी दुरुस्तीला पुण्याला गेली, जाऊबाईंचा पाय मात्र गावच्या हाडवैद्यानं बांधला. गाडी तेवढी सरळ झाली.

एजंटानं विचारलं, "वहिनींचा पाय जन्मापासूनच असा का?"

"व्हय," मामंजी म्हणाले.

कपबश्या वाजायच्या थांबल्या. मला वाटलं, आता तरी जाऊबाई बोलतील. पण मी तरी कुठे तोंड उघडलं?

जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "घ्या, चहा निवतोय."