उलटा आठ

आई,

काल तुझा आठ पाहिला. कोपरच्या वरच्या स्टेशनावर, सकाळी साडेनऊच्या उन्हात, खडीच्या मालगाडीला लावलेल्या एका जुन्या डिझेल इंजिनाच्या अंगावर. इंग्रजी आठ, पण वरचं पोट मोठं, खालचं लहान, तू काढायचीस तसाच. घरी आल्यापासून कुणाला तरी सांगायचंय, आणि ज्याला सांगावं असं एकच माणूस होतं, ते सतरा वर्षांपूर्वी गेलं. तरी लिहिते. कालचं तर सांगायचंच आहे, पण त्याच्या आधी एक जुनं सांगायचं राहून गेलंय. मी दहा वर्षांची असताना केलेली एक चूक मी तुझ्यापासून लपवली, आणि ती या आठाचीच आहे.

मी अजून गाड्यांचे फोटो काढत फिरते हे ऐकून तू कपाळावर हात मारून घेशील. ऑफिस घोडबंदर रोडला, घर डोंबिवलीत, आठवडाभर जाऊन येऊन जीव मेटाकुटीला येतो आणि रविवारी उठून मी कॅमेरा घेऊन पत्रीपुलावर, नाहीतर दिव्याला, नाहीतर टिटवाळ्याच्या पुढे जाऊन उभी. तुझा जावई लोकांना सांगतो की सासूबाईंनी रंगवलेली इंजिनं बायको गोळा करत हिंडते. त्याचं फारसं चुकत नाही. आता सगळीकडे विजेची इंजिनं आहेत, देखणी आहेत, पण गप्प असतात. तुझ्या कल्याणच्या इंजिन-शेडमधली ती लांब नाकाची डिझेलं नुसती उभी असली तरी मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत असल्यासारखी आवाज करायची, तशी आता क्वचित दिसतात. आम्हा वेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. जुनं डिझेल कल्याणहून सुटलं की कुणीतरी तिथे लिहितं आणि सगळे आपापली कामं टाकून पळतात. टिटवाळ्याचे एक दातांचे डॉक्टर आहेत, ते तर पेशंटला सांगतात, गुळण्या करा, आलोच, आणि तासाने येतात.

या डॉक्टरांनीच ग्रुपवर उलट्या आठाचा विषय काढला. कल्याणच्या काही जुन्या इंजिनांवर आठ डोक्यावर उभा दिसतो, तो का, यावर त्यांनी एवढा मोठा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, रंगवणारा माणूस डावखुरा असणार. दुसऱ्या एकाचं म्हणणं, तो कुठल्यातरी पितळी साच्याचा दोष. वर्षभर हे चाललं होतं. मी नुसती वाचत होते. रंगवणारा माणूस नव्हता, बाई होती, आणि ती माझी आई होती, एवढंसुद्धा लिहिलं नाही, कारण त्यापुढचा प्रश्न मला माहीत होता.

बाबा गेल्यावर तू त्यांच्या जागेवर शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलीस तेव्हा मी पाच वर्षांची. सुरुवातीला तू इंजिनं धुतलीस, पुसलीस, ऑइलच्या वासाचे हात घेऊन घरी आलीस. मग तिथला पेंटर रजेवर असताना कुणीतरी ब्रश तुझ्या हातात दिला आणि तो तू परत केलाच नाहीस. तुझं अक्षर, खरं सांगायचं तर, भयंकर होतं. तुझी चिठ्ठी घेऊन वाण्याकडे गेले की तो मलाच विचारायचा, काय लिहिलंय ते वाच. पण आकडा म्हटला की तुझा हातच बदलायचा. स्टेन्सिल धरून कडा मारायची आणि आतलं सगळं ब्रशने, एका दमात. स्टेन्सिल रंग बसून जाड झाल्या की तू नव्या घरी कापायचीस. स्वयंपाकघरात पाट उलटा टाकायचा, त्यावर जुन्या एक्स-रेची फिल्म आणि हातात दाढीचं ब्लेड. सगळ्या क्वार्टर्समधले एक्स-रे आपल्याकडे यायचे. शेजारच्या काकूंच्या छातीतून तू तीन कापलास, आजोबांच्या कमरेतून शून्य, आणि मामाच्या मोडलेल्या नडगीतून एक आणि सात. मामा घरी आला की विचारायचा, माझा पाय आज कुठे गेलाय, आणि तू सांगायचीस, इगतपुरीला.

तो रविवार मला लख्ख आठवतो. विळीवर तुझं बोट कापलंय, त्याला चिंधी बांधलीय, ब्लेड धरवत नाही, आणि सोमवारी एक इंजिन रंगवायला घ्यायचंय. तू फिल्मवर आठ काढून देतेस आणि म्हणतेस, आज तू काप. मला आकाश ठेंगणं झालंय. दातांत जीभ धरून मी कापते. आठाच्या पोटातले दोन गोल निसटून पडू नयेत म्हणून मधे बारीक पट्ट्या सोडायच्या असतात, त्याही सोडते. चुलीपाशी बसून तू सांगतेस, झालं की डोक्याच्या बाजूला खूण कर. मी तुझ्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका देते. पण शेवटचं वळण कापताना मी फिल्म फिरवून घेतलेली असते, आणि ठिपका पडतो आठाच्या बुडाला. सकाळी तू स्टेन्सिल पिशवीत भरत होतीस तेव्हा माझ्या मनात शंका आली होती, आई. पण आदल्या दिवशी तू शाबासकी दिली होतीस, ती परत द्यायची माझी तयारी नव्हती. मी दप्तर उचललं आणि शाळेत गेले.

शिडीवर उभं राहून, पत्र्याला नाक लावून रंगवताना आठाचं डोकं कुठलं आणि पाय कुठले ते कळत नाही. तू ठिपक्यावर विश्वास ठेवलास. इंजिन शेडबाहेर उन्हात आलं तेव्हा लांबून साहेबांनी पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, बाई, आठाला शीर्षासन घातलंत का. फिटर हसले, खलाशी हसले, चहावालाही हसला. हे सगळं तू रात्री जेवताना सांगितलंस, साहेबांची नक्कलही करून दाखवलीस, पण तुझे कान लाल झाले होते. शेडमध्ये तू एकटी बाई होतीस, ब्रश हातात येऊन वर्ष झालं नव्हतं, आणि तो काढून घ्यायला लोकांना एवढं निमित्त पुरेसं होतं. मला तेव्हा एवढं कळत नव्हतं, पण काहीतरी फार मोठं माझ्यामुळे झालंय हे कळत होतं. मी ताटात बघत विचारलं, आता पुसून नीट करणार का.

"कशाला?" तू म्हणालीस. "एकच उलटा राहिला तर चूक दिसेल. आता सगळेच आठ असे काढते. मग बघू कोण काय बोलतो."

आणि तू काढलेस. इंजिनामागून इंजिन, वीस वर्षं. साहेबांची बदली झाली, नवे आले, त्यांना वाटलं इथे असाच काढतात. लाल ठिपका कुणी दिला हे तू मला कधी विचारलं नाहीस. घरात आपण दोघीच होतो, तेव्हा तुला कळलं नसेल असं मी कोणत्या तोंडाने म्हणू. पण तुला कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. मी लग्नाआधी सांगितलं नाही, तू रिटायर झालीस तेव्हा सांगितलं नाही, दवाखान्यात शेवटचे पंधरा दिवस आपण जगातल्या सगळ्या गोष्टी बोललो तेव्हाही नाही.

गंमत अशी की बारावीला बरे मार्क पडले म्हणून कॅमेरा तूच दिलास. मी अख्खा रोल पत्रीपुलावरून यार्डातल्या इंजिनांवर संपवला. छत्तीस फोटो धुऊन आले तेव्हा तू चष्मा लावून एकेक पाहिलास आणि चिडलीस, एवढ्या फोटोंत एक माणूस नाही म्हणून. मग पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागलीस आणि पुटपुटलीस, हा दोन जरा वाकडा गेला. हा छान आलाय. इथे तू नंबर अर्धा कापलास गं, इंजिनाचा नंबर कापू नये, माणसाचं तोंड कापल्यासारखं दिसतं. तेव्हापासून मी नंबर कधी कापला नाही. ग्रुपवर लोक माझ्या फोटोंची तारीफ करतात ती एवढ्याच एका गोष्टीसाठी.

तर काल. ग्रुपवर महिनाभर चर्चा होती की उलट्या आठाचं एकच इंजिन आता चालतं राहिलंय आणि तेही कधी मोडीत जाईल सांगता येत नाही. मी त्याच्यासाठी चार रविवार वाया घालवले. मला त्याचा फोटो नको होता, म्हणजे हवाच होता, पण त्याहून जास्त तुझा हात पाहायचा होता. त्याच्यासमोर उभं राहून मनातल्या मनात तुला सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं, म्हणजे एकदाचं सुटेन. काल सकाळी डॉक्टरांचा फोन आला, दिव्याला येऊन थांबलंय, कोपर गाठा. मी गॅसवरचे पोहे नवऱ्याच्या हवाली केले आणि पळाले. डॉक्टर आधीच फलाटाच्या टोकाला कॅमेरा लावून उभे होते. गाडी आली ती हळूहळू, काळा धूर सोडत, आणि आमचं नशीब असं की पुढचा सिग्नल लाल होता. इंजिन बरोबर आमच्यासमोर थांबलं.

मी भिंगातून पाहिलं. आठ उलटाच होता. पण रंग ताजा होता, पिवळाधमक, आठवड्याभराचाही नसेल. तू ब्रश उचलताना शेवटी एक बारीक झटका द्यायचीस, तो कुठेच नव्हता. हात तुझा नव्हता. आता सांगायचं कुणाला, असं झालं. डॉक्टरांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी खिडकीत चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरला विचारलं की हा नंबर कुणी केला आणि आठ असा का.

"आमच्याकडे आठ असाच असतो," ड्रायव्हर म्हणाले. "आता नवीन पेंटर आलाय. त्याने सरळ काढला, तर जुन्या लोकांनी त्याला झापला आणि पुसून परत काढायला लावला. का ते कोणाला माहीत नाही."

"मला माहितीय," मी म्हणाले.

आणि मी सांगितलं, आई. सिग्नल कधीही हिरवा होईल म्हणून एका दमात सांगितलं. तू कोण, एक्स-रेची फिल्म कसली, चिंधी बांधलेलं बोट, नेलपॉलिशचा ठिपका, आणि तो मी उलट्या बाजूला दिला, आईने माझ्यामुळे बोलणी खाल्ली आणि मी तिला कधी सांगितलं नाही. दातांच्या डॉक्टरांचं तोंड उघडंच राहिलं. ड्रायव्हर इतके हसले की चहा त्यांच्या शर्टावर सांडला. त्यांनी आतल्या असिस्टंटला खिडकीत बोलावून मला परत सुरुवातीपासून सांगायला लावलं. मी पुन्हा सांगत असतानाच सिग्नल मिळाला. त्यांनी हॉर्न दिला, हात केला, आणि खडीचे सगळे डबे एकामागून एक आमच्यासमोरून गेले. मी फोटो काढला आहे, नंबर पूर्ण आलाय.

इतकी वर्षं मला वाटायचं की हे सांगताना मी रडेन, तुझी माफी मागेन. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून खरं ते लिहिते. मला जराही वाईट वाटलं नाही. उलट छाती फुगली होती. परतताना रिक्षात डॉक्टरांनी सगळा किस्सा आणखी एकदा विचारला, आणि त्या वेळी मी तुझा भाग थोडा कमी केला आणि माझा वाढवला.