रिकाम्या इमारतीत न्यायचा टॉर्च

मुलुंड (पूर्व)

ती. रतनदादास,

जयाचा प्रेमाचा जय भीम, वहिनींनाही सांग. तुझी शुगर कशी आहे ते तुला विचारत नाही, कारण तू खोटं सांगतोस. खरा आकडा वहिनींकडून घेतला आहे आणि तो वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते.

पहाटे फिरायला जाताना कुत्री अंगावर येतात, कोणता टॉर्च घेऊ, असं तू फोनवर विचारलंस. माणूस विचारायला तू बरोबर निवडलास. आमची इमारत पाडायला काढल्यापासून मी तीन टॉर्च घेतले. बाकीची बिऱ्हाडं गेली. आम्हाला जायचंय ती घाटकोपरची भाड्याची खोली महिनाअखेरीस रिकामी होणार, म्हणून चौथ्या मजल्यावर मी आणि सम्यक तेवढे उरलो. लिफ्ट बंद, जिन्यातले दिवे काढलेले आणि खालच्या मजल्यांची दारंखिडक्या भंगारवाला घेऊन गेलेला. सम्यकची पवईतली नोकरी दुपारी सुरू होते, त्यामुळे संध्याकाळी शाळेच्या ऑफिसातून आले की तो काळाकुट्ट जिना मी एकटीच चढते. (दारं नसलेल्या घरांसमोरून जाताना आत बघायचं नाही असं ठरवलं होतं. मान ऐकत नाही.)

पहिला टॉर्च तीन जाड सेलांचा, हातभर लांब. वेळ आली तर डोक्यात घालता येईल या हिशेबाने घेतला. पण पर्समध्ये तो मावला की डबा मावेना, आणि आठवडाभरात माझा एक खांदा खाली आला. दुसरा किल्लीच्या जुडग्याला लावायचा, बोटाएवढा. छान होता. पण लागेल तेव्हा पर्समध्ये औषधाच्या गोळ्या, कंगवा, रिक्षाचे सुटे, सगळं हाताला लागायचं, तो सोडून.

तेव्हा स्टेशनजवळच्या हर्षदभाईंनी मला समजावलं की ताई, टॉर्च पर्समध्ये नाही, हातात पाहिजे. त्यांनी तिसरा दिला. मुठीत बसणारा, बटण मागच्या बाजूला, म्हणजे अंगठ्याखाली. पुढच्या कडेला दाते, कोणी धरलंच तर मारायला. आणि बटण दोनदा दाबलं की उजेड इतका भराभर उघडझाप करतो की समोरच्याला काही दिसत नाही. हर्षदभाईंनी दुकानातच करून दाखवलं, आणि शेजारी रिचार्ज करायला आलेले आजोबा स्टुलावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. एक लक्षात ठेव, याला बटणाचं कुलूप असतं, ते लाव. मी लावलं नव्हतं. रिक्षात तो पर्सच्या आतच पेटला आणि रुमालातून धूर निघायला लागला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मॅडम, अंदर क्या है?" मी म्हटलं, टॉर्च. त्याने मला तिथेच उतरवलं.

आता खरं सांगते. हे सगळं मी चोरांच्या भीतीने केलं नाही. नोव्हेंबर लागला आणि मला जिना चढताना झाडूचा आवाज यायला लागला. सावकाश, एकसारखा, दुसऱ्या मजल्यावरून. मी थांबले की तोही थांबायचा. सम्यकला सांगितलं तर म्हणाला, "आई, वारा असेल." वारा कोपऱ्यातला कचरा ओढून काढत नाही रे.

परवा मी ठरवून तो टॉर्च मुठीत धरला आणि दुसऱ्या मजल्यावर थांबले. घराघरांत टॉर्च मारत गेले. सगळीकडे फुटक्या लाद्या, विटांचे ढीग, वायरींची टोकं. शेवटच्या घरात मात्र जमीन लख्ख, नुकतीच पुसलेली, अजून ओली. भिंतीलगत कोणीतरी वाकून उभं होतं. अंगठ्याने दोनदा बटण दाबलं गेलं, आणि त्या उघडझापीत ते सरळ होत माझ्याकडे वळताना तुकड्यातुकड्यांत दिसलं.

"बंद कर गो ता, जया. डोळे फुटतले माझे."

कुंदामावशी. तुला आठवत असेल, याच घरात राहायची, सम्यकच्या बारशाला जिने सगळ्यांना सोलकढी पाजली होती ती. सहा महिन्यांपूर्वी मुलाकडे भांडुपला गेली होती. देवळात जाते सांगून रोज संध्याकाळी येते, आपली खोली झाडते, पुसते आणि परत जाते. मी तिचा हात धरला तर तो बर्फासारखा गार. म्हटलं, मावशी, सोमवारपासून या आतल्या भिंती पाडणार आहेत, आत कोणी आहे हे त्यांना कळणारही नाही. ती म्हणाली, "पाडूक येतले तेवा घर घाण दिसाक नये." मग मला रडू आलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू इमारत माझीच पडणार होती, तिची नाही.

मी तिच्या मुलाला, सहदेवला, फोन केला. तो बिचारा धावत आला. ठेकेदाराला सांगून ठेवलं आहे की रोज मला विचारल्याशिवाय दुसऱ्या मजल्यावर हात लावायचा नाही. मावशी आता आधी माझ्याकडे चहाला येते, मग आम्ही दोघी खाली जातो. ती झाडते, मी उजेड धरते.

तर तू मुठीतलाच घे. उजेड कुत्र्याच्या डोळ्यांवर धर आणि पळू नकोस.

तुझी,
जया

ता. क. टॉर्च पाठवते असं फोनवर म्हटलं होतं. पाठवत नाही. न्यायला ये. वहिनींना घेऊन ये आणि आम्ही इथून हलेपर्यंत राहा. संध्याकाळी मला एकटीला आता होत नाही.

ता. क. २ हे लिहिताना मावशी समोर बसून बशीत चहा पितेय. खाली झाडूचा आवाज येतोय. मी तिच्याकडे बघितलं. तिनेही ऐकला होता. म्हणाली, "आसांदे गो. तेंचा पण घर आसतला थय." (असू दे, त्यांचंही घर असेल तिथे, म्हणते.) शक्यतो शनिवारीच ये.